कम्युनिटी कॉलेजचा फॅफ्सा: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी, पायरीपायरीने

फॅफ्सा, म्हणजे शिक्षणासाठी केंद्र सरकारकडे आर्थिक मदत मागायचा अर्ज, भरला, तो पोचल्याचा ईमेल आला, आणि सप्टेंबर उजाडला तरी कॉलेजच्या पोर्टलवर एडचा, म्हणजे त्या मदतीचा, पत्ता नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच घरांत अडचण उत्पन्नाची नसतेच. कुठे नाव जुळलेलं नसतं, कुठे वडिलांची संमती राहिलेली असते, कुठे कॉलेजांच्या यादीत कम्युनिटी कॉलेजच टाकलेलं नसतं. क्रमाने गेलं तर हे सगळं एका शनिवारी उरकतं. क्रम चुकला की महिना-दीड महिना फोन आणि ईमेल चालू राहतात.

हा लेख कॅलिफोर्नियाचा आहे. फॅफ्साचा भाग सगळ्या राज्यांना सारखाच लागू आहे. राज्याच्या पैशांची पायरी मात्र न्यू जर्सी-टेक्सासवाल्यांनी आपल्या राज्याची बघावी. डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक ठेवलेत: हायस्कूल संपवणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, आणि लग्न होऊन इकडे आलेल्या, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या बायका. दोघांच्या चुका वेगवेगळ्या असतात.

पायरी १ : आधी इमिग्रेशन स्टेटस, मग फॉर्म

केंद्र सरकारची मदत, म्हणजे मुख्यतः पेल ग्रँट (परत न करायचे पैसे), अमेरिकन नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि आश्रय मिळालेल्यांसारख्या मोजक्या गटांना मिळते. विद्यार्थी स्वतः यात बसला पाहिजे. आईवडील एच-१बी वर असोत की भारतात असोत, त्याने मुलाची पात्रता जात नाही. इथे जन्मलेल्या मुलांचे आईवडील 'आमचं ग्रीन कार्ड अजून यायचंय' म्हणून फॉर्मच भरत नाहीत, तेव्हा हकनाक पैसे सोडतात.

उलट एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्या विद्यार्थ्याला केंद्राची मदत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज (आय-४८५) दाखल आहे, कामाच्या परवान्याचं ईएडी कार्ड हातात आहे, तरीही नाही. प्रत्यक्ष ग्रीन कार्ड लागतं.

एच-४ वाल्यांनी आपली शक्ती रेसिडेन्सीवर लावावी. एच-४ वरच्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्नियाचा रहिवासी म्हणून फी लागू शकते. एफ-१ ला तशी रेसिडेन्सी घेता येत नाही. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे वास्तव्य झालेलं आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं: घराचा लीज, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. राज्यातल्या विद्यार्थ्याला एका युनिटला (क्लास मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात आणि बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. त्यामुळे हे कागद अ‍ॅडमिशन ऑफिसला वेळेत देणं हीच एच-४ वाल्यांसाठी सगळ्यात मोठी 'मदत' आहे.

*सावधान.* भारतातली पदवी लपवू नका. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. झालेलं असेल तर पेल ग्रँट मिळत नाही. पदवी परदेशातली आहे म्हणून ती मोजायची नाही, असा नियम नाही. फॅफ्सात 'पहिली बॅचलर पदवी मिळालेली असेल का' असा प्रश्न असतो. 'ती भारतातली, इथे कुठे चालते' असं मनाशी म्हणत 'नाही' टिचकवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. नंतर उघड झालं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात. खरं उत्तर दिल्यावरही दारं बंद होत नाहीत. राज्याची फी माफी पदवीधरांनाही मिळू शकते. ती पायरी ५ मध्ये.

पायरी २ : नाव, जन्मतारीख, ईमेल

फॅफ्साच्या आधी स्टुडंटएड डॉट गव्हवर अकाउंट काढायचं असतं. तिथे टाकलेलं नाव, जन्मतारीख आणि नंबर सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहिले जातात, आणि मराठी नावं नेमकी इथेच अडकतात.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये पहिल्या नावाला चिकटून येतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्या रकान्यात जातं आणि शाळेच्या दाखल्यावर गायब असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं तर ग्रीन कार्ड एका नावाने आणि सोशल सिक्युरिटी कार्ड माहेरच्या नावाने, असंही सर्रास दिसतं. नियम एकच ठेवा: सोशल सिक्युरिटी कार्ड समोर घ्या आणि त्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. ते कार्डच चुकीचं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात दुरुस्ती, मग अकाउंट.

जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावली असेल आणि कागदोपत्री तीच चालत आली असेल, तर इथेही १ जूनच. घरचा वाढदिवस श्रावणात साजरा करायला कुणाची ना नाही.

अकाउंट प्रत्येकाचं वेगळं: विद्यार्थ्याचं एक, आईचं किंवा वडिलांचं एक. प्रत्येकाला स्वतःचा ईमेल लागतो, आणि मोबाइल नंबर दिला तर तोही स्वतःचाच. अख्ख्या घराचा एकच ईमेल वडिलांच्या ताब्यात, ही पद्धत इथे चालत नाही. मुलाचा हायस्कूलचा ईमेलही नको, कारण तो पुढे बंद होतो.

ज्या पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यालाही अकाउंट काढता येतं. सोशल सिक्युरिटीच्या रकान्यात आयटीआयएन (टॅक्स भरण्यासाठीचा नंबर) मात्र टाकू नका.

*तपासा.* अकाउंट काढल्यावर नोंद जुळायला एक ते तीन दिवस लागू शकतात. म्हणून अकाउंट आज आणि फॉर्म पुढच्या शनिवारी. शेवटच्या तारखेला रात्री अकाउंट काढायला बसू नका.

पायरी ३ : कॉलेजचा अर्ज नीट भरा

कम्युनिटी कॉलेजला प्रवेश सगळ्यांनाच मिळतो, म्हणून सीसीसी-अप्लाय या वेबसाइटवरचा प्रवेशअर्ज लोक घाईत उरकतात. पण एड ऑफिस दोन गोष्टी याच अर्जातून उचलतं.

पहिली, सोशल सिक्युरिटी नंबर. अर्जात तो रिकामा सोडता येतो. सोडला की कॉलेजकडे आलेला फॅफ्सा कुणाच्या नावावर लावायचा हे त्यांच्या यंत्रणेला कळत नाही. नंबर असेल तर टाका.

दुसरी, शिक्षणाचं उद्दिष्ट. तिथे पदवी, सर्टिफिकेट किंवा ट्रान्सफर (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं) यांपैकी काहीतरी हवं. 'स्वतःच्या आवडीसाठी' किंवा 'नोकरीतलं कौशल्य वाढवण्यासाठी' असं निवडलं तर एड मिळत नाही. ट्रान्सफरला जायचं नक्की नसलं तरी कोर्स कुठल्यातरी पदवीच्या वाटेवरचे असले पाहिजेत. मेजर पुढे बदलता येतो.

अर्जानंतर कॉलेजचा ईमेल सुरू होतो आणि यापुढचं सगळं तिथेच येतं. खोट्या विद्यार्थ्यांच्या नावाने एड उचलण्याचे प्रकार वाढल्यामुळे कॉलेजं आता ओळखपत्र मागतात. त्या पत्राला उत्तर दिलं नाही तर प्रवेशच अडकतो. ईमेल फोनवर जोडून घ्या.

पायरी ४ : फॅफ्सा भरायला बसताना

फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी उघडतो आणि उत्पन्न दोन वर्षांमागचं विचारतो. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चा टॅक्स रिटर्न लागतो. भरायला पैसे पडत नाहीत. कुणी 'फी' मागत असेल तर तो माणूस किंवा ती वेबसाइट चुकीची आहे.

सुरुवात कोणी करायची. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या लॉगिनने. पालकालाही सुरुवात करता येते, पण 'विद्यार्थी' म्हणून स्वतःचं लॉगिन वापरून मुलाचा फॉर्म भरणारे बाबा दरवर्षी भेटतात. मग बाबाच कॉलेजला जाणार असा फॉर्म तयार होतो, आणि तो निस्तरण्यात वेळ जातो.

पालक कोण. विद्यार्थी २४ वर्षांखालचा आणि अविवाहित असेल तर बहुतेक वेळा पालकांची माहिती लागतेच, मग तो स्वतः कमावत असला तरी. वयाची गणना जन्मतारखेवरून होते: २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ च्या आधी जन्मलेले स्वतंत्र धरले जातात. विवाहित विद्यार्थिनीला आईवडिलांची माहिती लागत नाही. तिथे नवऱ्याचं उत्पन्न येतं. आईवडिलांनी एकत्र रिटर्न भरला असेल तर दोघांपैकी एकाने सही केली तरी पुरते. वेगवेगळा भरला असेल तर दोघंही. आई इथे आणि वडील नाशिकला नोकरीला असतील, लग्न कायम असेल, तर वडिलांचं उत्पन्नही दाखवायचं, रुपयांचे डॉलर करून.

संमती. आयआरएसकडून (केंद्राच्या टॅक्स खात्याकडून) टॅक्सची माहिती थेट मागवायला प्रत्येकाने 'हो' म्हणावं लागतं. ज्याने अमेरिकेत रिटर्न भरलेलाच नाही, त्यानेही. एकाने नकार दिला की केंद्राची मदत शून्य, उत्पन्न कितीही कमी असो. भारतातल्या वडिलांना हे व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर स्क्रीन दाखवून करून घ्यावं लागतं. फॉर्म अडकण्याची सगळ्यात नेहमीची जागा हीच.

मालमत्ता. इथे थोडं थांबू, कारण इथे आपले लोक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण मोजायचं नाही तेही मोजतात: राहतं घर आणि ४०१-के सारखं निवृत्तीचं खातं विचारलेलंच नसतं. ते टाकलं तर आकडा विनाकारण फुगतो. काही जण मोजायचं ते सोडतात: पुण्याचा भाड्याने दिलेला फ्लॅट, गावाकडची जमीन, भारतातल्या बँकेतल्या ठेवी. राहतं घर सोडून बाकी स्थावर मालमत्ता, कुठल्याही देशातली, धरायची असते. किंमत आजची, त्यातून त्यावरचं कर्ज वजा, आणि फक्त तुमचा वाटा. सातबाऱ्यावर चार भावांची सारखी नावं असतील तर चौथा हिस्सा. शेतीला २०२६-२७ पासून सूट आहे, पण ती कुटुंब जिथे राहतं त्या शेताला. फ्रीमाँटमध्ये राहून सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेला ती लागू होत नाही.

उत्पन्न ६०,००० डॉलरच्या आत आणि टॅक्सचे कागद साधे असतील तर मालमत्तेचे प्रश्न बहुधा येतच नाहीत. आले नाहीत म्हणून घाबरू नका.

कॉलेजांची यादी. ऑनलाइन फॉर्मवर २० कॉलेजं टाकता येतात. कॅलिफोर्नियात बारावीच्या मुलांकडून फॅफ्सा किंवा राज्याचा पर्यायी अर्ज शाळाच भरून घेतात. त्या वेळी मुलं हौसेने सगळ्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) टाकतात आणि कम्युनिटी कॉलेज राहून जातं. मे महिन्यात बेत बदलतो, यादी तशीच राहते. पुन्हा लॉगिन करून कॉलेज जोडता येतं. नवा फॉर्म भरू नका.

*तपासा.* फॉर्म पाठवल्यावर स्थिती 'प्रोसेस्ड' झाली का? विद्यार्थ्याच्या सहीनंतर पालकाचा भाग बाकी असला तर फॉर्म पुढे जात नाही, आणि मुलाला मात्र 'माझं झालं' असंच वाटत असतं. प्रक्रिया झाल्यावर स्टुडंट एड इंडेक्स नावाचा आकडा येतो. तो उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. उणे आला म्हणजे चूक झाली असं नाही, उलट गरज जास्त धरली गेली.

पायरी ५ : राज्याचे पैसे

*कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट* म्हणजे ४६ डॉलर युनिटची फी माफ. फॅफ्सा भरला की तिचा विचार आपोआप होतो. फॅफ्सा भरायचा राहिला असेल तर वेगळा छोटा अर्ज आहे. हेल्थ फी, पार्किंग असल्या किरकोळ रकमा मात्र भराव्या लागतात. त्या थकल्या तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते.

*कॅल ग्रँट* साठी दोन गोष्टी २ मार्चच्या आत पोचाव्या लागतात: फॅफ्सा आणि जीपीए (गुणांची सरासरी). कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबर ही दुसरी संधी असते. सरकारी हायस्कूल जीपीए स्वतः पाठवतं, तरी वेबग्रँट्स या राज्याच्या साइटवर विद्यार्थ्याचं अकाउंट काढून तो पोचल्याची खात्री करा. ग्रँट यूसीच्या नावावर मंजूर झाली आणि मूल कम्युनिटी कॉलेजला गेलं, तर शाळा बदलायचं कामही तिथेच करावं लागतं. कॉलेज ते तुमच्यासाठी करेल अशा भरवशावर राहू नका.

आता एक हिशोब, जो बऱ्याच मुलांना कुणी सांगतच नाही. कॅल ग्रँट बी किंवा सी मिळालेल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला *स्टुडंट सक्सेस कंप्लीशन ग्रँट* मिळते. दर सत्राला १२ युनिट घेतले तर वर्षाला कमाल १,२९८ डॉलर, १५ घेतले तर वर्षाला कमाल ४,०००. म्हणजे दर सत्राला तीन युनिटचा एक जादा क्लास, ज्याची फी तशीही माफ आहे, आणि वर्षाला हातात २,७०२ डॉलरपर्यंत जास्त. अर्थात १५ युनिट झेपले पाहिजेत. पाचवा क्लास निवडताना काउन्सेलरशी बोला. फूटहिल आणि डी अँझासारख्या क्वार्टरच्या कॉलेजांत ही रक्कम क्वार्टरनुसार विभागली जाते.

पायरी ६ : फॉर्मनंतरचे सहा-आठ आठवडे

कॉलेजच्या पोर्टलवर 'करायच्या गोष्टीं'ची यादी येते. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. त्यात शिक्षा काही नाही, पण मागितलेला नेमका कागद द्यावा लागतो. आयआरएसचं ट्रान्सक्रिप्ट मागितलं असेल तर टर्बोटॅक्सच्या पडद्याचा फोटो चालत नाही.

याच काळात डायरेक्ट डिपॉझिटसाठी बँकेची निवड करून टाका. नाहीतर चेक जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जातो.

दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न चांगलं होतं आणि यंदा ले-ऑफ झालाय, असं असेल तर फॉर्ममधले आकडे खोडू नका. फॉर्म खरा भरा, आणि मग एड ऑफिसला भेटून परिस्थिती बदलल्याचा अर्ज मागा. सोबत कामावरून काढल्याचं पत्र, शेवटची पे-स्टब आणि बेकारी भत्त्याचा कागद न्या. हा अधिकार कॉलेजच्या ऑफिसला असतो, वेबसाइटला नाही. आपल्याकडे हे मागायला लोक संकोचतात; ऑफिसातल्या माणसाचं ते रोजचं काम आहे.

पायरी ७ : पैसे आल्यावर ते टिकवणं

२०२५-२६ ला पेल ग्रँटची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर होती. ती किती मिळणार हे युनिटवरही ठरतं: १२ ला पूर्ण, ९ ला ७५ टक्के, ६ ला निम्मी. आणि ही युनिट एकाच कॉलेजची. बे एरियात एक क्लास इथे, दुसरा पलीकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी जुळवाजुळव सर्रास चालते, पण पेल एका वेळी एकाच कॉलेजकडून मिळते.

*सावधान: क्लास सोडण्याआधी एड ऑफिसला विचारा.* सत्राचा ६० टक्के काळ होण्याआधी सगळेच क्लास सोडले तर मिळालेल्या पैशांचा काही भाग परत करावा लागतो. सोळा आठवड्यांच्या सत्रात ही रेषा दहाव्या आठवड्याच्या आसपास येते. न सांगता जायचंच बंद केलं आणि सगळीकडे एफ आला, तरी तोच हिशोब लागतो. ही थकबाकी राहिली तर दुसऱ्या कॉलेजातही एड मिळत नाही.

याशिवाय प्रगतीची अट आहे. साधारणपणे २.० जीपीए, घेतलेल्या युनिटपैकी सुमारे ६७ टक्के पास, आणि अभ्यासक्रमाच्या दीडपट युनिटची मर्यादा. ६० युनिटच्या पदवीला ९० युनिट घेऊन झाले की एड थांबते. त्यात पास, नापास, मध्येच सोडलेले (डब्ल्यू) सगळं धरलं जातं. फी माफीचंही असंच आहे, लागोपाठ दोन सत्रं निकाल घसरला की ती जाते. आजारपण किंवा घरातला मृत्यू यांसारखं कारण असेल तर अपील करता येतं. अपिलात रडगाणं नको: काय झालं, त्याचा कागद, आणि पुढच्या सत्रात काय वेगळं करणार, एवढंच लिहा.

पायरी ८ : पैशांशिवायची मदत

ही मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि जागा मर्यादित असतात.

*ईओपीएस* सगळ्यात आधी बघा. साधारणपणे १२ युनिट घेणारे, ७० पेक्षा कमी युनिट झालेले, फी माफीला पात्र असलेले विद्यार्थी यात येतात. पुस्तकांसाठी व्हाउचर, स्वतंत्र काउन्सेलर आणि लवकर नोंदणीचा हक्क मिळतो. बदल्यात सत्रात तीनदा काउन्सेलरला भेटायचं. लवकर नोंदणीची किंमत कळायची असेल तर ऑगस्टमध्ये इंग्रजी किंवा स्टॅटिस्टिक्सच्या क्लासची वेटलिस्ट बघा. एकट्या पालकांसाठी याचाच *केअर* हा भाग आहे.

*बेसिक नीड्स सेंटर* राज्यातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला कायद्याने ठेवावं लागतं. किराणा, घराची अडचण, तातडीची रोख मदत, कॅलफ्रेशचा (राज्यातल्या अन्न-मदतीचा) अर्ज, सगळं एकाच टेबलावर. 'आपल्यापेक्षा गरजूंसाठी असेल' म्हणून आपली मुलं तिथे जात नाहीत, आणि दुपारी चिप्सच्या पाकिटावर दिवस काढतात. जाऊ द्या त्यांना.

*डीएसपीएस* अपंगत्व, डिस्लेक्सिया, एडीएचडी, दीर्घ आजार यांसाठी आहे: परीक्षेला जादा वेळ, नोट्स. हायस्कूलचा आयईपी (विशेष गरजांसाठीचा लेखी आराखडा) इथे आपोआप येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः कागद घेऊन नाव नोंदवायचं असतं. १८ वर्षांच्या मुलासाठी आईने फोन केला तर ऑफिस काही सांगणार नाही.

पुस्तकांसाठी नोंदणी करताना 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेले क्लास निवडा. उरलेल्यांची पुस्तकं लायब्ररीच्या रिझर्व्ह काउंटरवर असतात. लॅपटॉपही बऱ्याच ठिकाणी सत्रभरासाठी मिळतो, पहिल्याच आठवड्यात मागितला तर.

आणि ज्यांना उत्पन्नामुळे यातलं काहीच मिळालं नाही, त्यांनी टॅक्स भरताना अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट बघावं. निम्म्या वेळाचा तरी विद्यार्थी आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर फी आणि पुस्तकांवर वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत सूट मिळते. पावत्या जपून ठेवा.

फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो. ज्या ऑक्टोबरात ट्रान्सफरचे अर्ज चालू असतात, त्याच ऑक्टोबरात पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर यूसी किंवा सीएसयूचं (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं) नाव जोडा, आणि मनासारखा प्रवेश नाही मिळाला तर काय, म्हणून कम्युनिटी कॉलेजही यादीत राहू द्या.